औन्स घराण्याचा कुलवृत्तांत

श्रीधरपंतांचं आडनाव मी सांगणार नाही. त्यांच्या कुळातली निम्मी माणसं सदाशिव पेठेत राहतात आणि झेरॉक्सला माझ्याकडेच येतात. उगाच कशाला विषाची परीक्षा?

मी चंद्रभागा. एका क्लासच्या जिन्याखाली माझं दुकान आहे. टायपिंग, छपाई, झेरॉक्स, बाइंडिंग. बावीस वर्षं मी लोकांचा मजकूर टाइप करतेय. पत्रिका, प्रबंध, सोसायटीच्या नोटिसा, शेजाऱ्याविरुद्धचे अर्ज. पुष्कळदा त्या शेजाऱ्याचा उलटा अर्जही माझ्याकडेच येतो, पण मी या कानाचं त्या कानाला कळू देत नाही. माणसाच्या डोक्यात जे जे म्हणून असू शकतं, ते सगळं आपल्या स्क्रीनवरून जाऊन चुकलंय असा माझा समज होता. मग श्रीधरपंत आले.

हे गृहस्थ बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते. खडकवासल्याच्या पाण्याची पातळी रोज वहीत उतरवायची, एवढंच काम. पण ते त्यांनी असं केलं की विचारू नका. एका पावसाळ्यात साहेब म्हणाले, आजचा आकडा अंदाजाने टाका, कशाला भिजता. तर हे छत्री घेऊन पाण्यात रोवलेल्या मोजपट्टीपर्यंत गेले, आकडा वाचला, छत्री उडाली, ताप आला, पण आकडा खरा लिहिला. हे त्यांनी मला निदान चाळीस वेळा सांगितलंय. छत्रीचा रंगसुद्धा मला पाठ आहे.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचे हाल. त्यातून कुळाने त्यांना कुलवृत्तांताचं संपादक केलं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला.

कुलवृत्तांत म्हणजे काय ते ज्यांच्यात नसतो त्यांच्यासाठी सांगते, कारण आमच्या कसब्यातल्या माहेरीही तो नव्हता. आमच्याकडे पणजोबांच्या मागे कुणाला काही ठाऊक नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. पण काही घराण्यांत सगळ्या कुळाचं एक जाडजूड पुस्तक काढतात. मूळ पुरुषापासून आजच्या तान्ह्या पोरापर्यंत प्रत्येकाची नोंद. कोण, कुठला, शिक्षण, नोकरी, लग्न, मुलंबाळं. त्यासाठी घरोघरी छापील माहितीपत्रक पाठवायचं, ते भरून यायचं, खाली सही. सहीवर छापलेलं असतं: ‘माहिती देणार’.

श्रीधरपंतांनी अकरा वर्षं खपून ते पुस्तक केलं. अकरा पिढ्या. टायपिंग माझं. त्यांनी त्याला नियमही केले होते, एकूण चौदा. सही नसेल तर नोंद नाही. ज्याची नोंद त्यानेच माहिती द्यायची, तिऱ्हाइताने नाही. संपादकाने स्वतः कुणाचीही माहिती भरायची नाही. आणि सातवा नियम, ज्याने सगळा घोळ केला: विवाहाच्या भागातला एकही रकाना रिकामा असेल, तर तो अख्खा भाग धरायचा नाही.

त्यांना एकुलती एक मुलगी, सलोनी. तिने तिच्या ऑफिसातल्या वैजनाथशी लग्न केलं. तो वाशीमकडचा. जात वेगळी, तेव्हा घरात थोडं धुमसलं, पण लग्नाला श्रीधरपंत गेले, जेवले, जिलबी दोनदा मागून घेतली. तेव्हा ते प्रकरण तिथेच मिटलं असं सगळ्यांनी धरलं. पुढे कुलवृत्तांताचं माहितीपत्रक सलोनीकडेही गेलं. तिने सगळं भरलं. ‘सासरचे गोत्र’ हा रकाना तेवढा रिकामा ठेवला. वैजनाथ म्हणाला होता, आमच्यात हे कधी कुणी विचारलंच नाही, आता खोटं काय लिहायचं.

रकाना रिकामा. सातवा नियम. विवाहाचा भाग रद्द. मुलीचं नावही त्याच भागात होतं, तेही त्यांनी वाचलं नाही. आणि ज्याचा विवाहाचा भाग नाही त्याच्यापुढे काय छापायचं, तर ‘अविवाहित’.

मी टाइप करताना थांबले होते, हे मला आजही आठवतं. म्हटलं, काका, अहो, तुमच्या सलोनीला दोन वर्षांची मुलगी आहे, आणि पुस्तकात ती अविवाहित? ते म्हणाले, नियम संपादकाच्या मुलीला वेगळा लावला तर उद्या कुळाला तोंड काय दाखवू? आणि मी केलं टाइप. माझ्याच बोटांनी. त्याचं मला वाईट वाटतं, ते इथेच सांगून टाकते.

सहाशे प्रती छापल्या. सलोनीने त्यातली एक पाहिली आणि त्या दिवसापासून ती माहेरी आली नाही. कुळाच्या मंडळाचा चिटणीस विक्रम, म्हणजे श्रीधरपंतांचा चुलतभाऊ, म्हणाला, एक शुद्धिपत्र काढून टाका की, ‘विवाहित’ म्हणून, मिटवा. श्रीधरपंत म्हणाले, पूर्ण भरलेलं माहितीपत्रक आणा, तासाभरात काढतो. सलोनी म्हणाली, मी एकदा भरलंय, पुन्हा भरणार नाही. झालं. सासूसुनेची भांडणं मिटतात, पण सरकारी बाण्याची दोन माणसं एका घरात निघाली तर ब्रह्मदेवही हात टेकतो. विक्रमशी खटका उडून श्रीधरपंतांनी संपादकपद सोडलं. शुद्धिपत्र राहिलं ते राहिलंच.

पाच वर्षं झाली. पद्मजाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दर गुरुवारी सारसबागेत जाऊन लेकीला आणि नातीला भेटत. जाताना माझ्या दुकानात टेकत, कारण गुडघे. घरी सांगत की देवळात जाते. श्रीधरपंतांना माहीत होतं. ते विचारत नसत.

अशा स्थितीत गेल्या श्रावणात ते माझ्याकडे आले. खोकल्याच्या औषधाचं एक जुनं मापाचं भांडं हातात होतं. त्यावर औन्स लिहिलेलं. म्हणाले, हा शब्द बघायला शब्दकोश उघडला, चंद्रभागाबाई, तर काय सांगू. बाउन्स, पाउन्स, फ्लाउन्स, ट्राउन्स, अनाउन्स, डिनाउन्स, प्रोनाउन्स, रिनाउन्स. प्रत्येकाच्या पोटात ओ, यू, एन, सी, ई, अगदी याच क्रमाने. ‘एवढं मोठं घराणं, आणि त्यांचा कुलवृत्तांत नाही.’

मी म्हटलं, मग?

म्हणाले, मग काय? काढायचा.

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यांनी पिशवीतून माहितीपत्रक काढलं. हाताने आखलेलं. शब्द. अर्थ. जन्म. नात्यागोत्यातले शब्द. सध्या वास्तव्य. आणि खाली, ‘माहिती देणार’. आता शब्द स्वतः सही करणार नाही एवढं त्यांना कळत होतं. तेव्हा त्यांनी नियम बसवला की तो अर्थ ज्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडलाय त्याने घटना लिहून सही करायची. शब्दकोशावर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणाले, कोशकार खोलीत बसून अंदाजाने लिहितात. पट्टीपर्यंत कोण जातो?

दुकानात तेव्हा केयूर होता, कॉलेजात इंग्रजी शिकवतो तो. त्याने बिचाऱ्याने समजावलं की सर, हे सगळे शब्द काही एका घरातले नाहीत. औन्सचं मूळ वेगळं, अनाउन्स, डिनाउन्स वगैरे चौघांचं वेगळं, बाउन्सचं तर धड कुणाला माहीतही नाही. अक्षरं सारखी दिसतात इतकंच. श्रीधरपंत शांतपणे म्हणाले, ‘दत्तक असतील. आमच्या कुळात सहा दत्तक आहेत. एकदा घरात घेतलं की मूळ कुठलं हे विचारायचं नसतं.’

मी म्हटलं, अस्सं? मग जावयाचंच गोत्र तेवढं कसं हो टोचलं?

ते म्हणाले, दोन ओळींतलं अंतर थोडं वाढवा.

तर अशी ती मोहीम सुरू झाली. पहिला लागला बाउन्स, म्हणजे उसळणे. जिन्यावरच्या क्लासला येणारा सूरज बसच्या शेवटच्या सीटवर बसला होता, गतिरोधकावर उसळला आणि टपाला डोकं आपटलं. श्रीधरपंतांनी टेंगूळ स्वतः चाचपून पाहिलं, मगच सही घेतली. पाउन्स म्हणजे झडप घालणे. तो तेजस नावाच्या आयटीतल्या मुलाने दिला. आमच्या गल्लीत एक गाडी निघाली आणि तिची जागा मिळवायला त्याने स्कूटर अशी घातली की मागचा माणूस अजून तिथेच उभा आहे म्हणतात. ट्राउन्स म्हणजे धुव्वा उडणे. सोसायटीच्या निवडणुकीत एका गृहस्थांना एकच मत पडलं होतं, त्यांचं स्वतःचं. ते म्हणाले सही देतो, पण बायकोला दाखवू नका, तिने मला दिलं असं ती अजून सांगते.

फ्लाउन्स म्हणजे रागाने तरातरा निघून जाणे. त्याची टंचाई पडणार नव्हतीच. एका वार्षिक सभेच्या दाराबाहेर श्रीधरपंत पॅड घेऊन उभे राहिले आणि अर्ध्या तासात सात सह्या घेऊन आले. आठवा सहीवरूनही चिडून तरातरा निघून गेला.

प्रोनाउन्सने मात्र घाम काढला. त्यांना उच्चाराचा अर्थ नको होता, अधिकाराने घोषित करण्याचा हवा होता. शेवटी एक पेन्शनर सापडले. त्यांना एका कचेरीने कागदोपत्री मृत घोषित केलं होतं आणि दीड वर्ष ते स्वतःचा जिवंतपणा घेऊन खिडकीखिडकी फिरत होते. ते आनंदाने सही द्यायला आले. पण श्रीधरपंतांना पेच पडला की मृत घोषित झालेल्या माणसाची सही धरायची की नाही. दोन दिवस विचार केला. त्या पेन्शनरांना रोज चहाला बोलवत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चहा पितात, सही धरायला हरकत नाही.

मी हसत होते, खोटं कशाला बोलू. पण मधेच पद्मजाकाकू गुरुवारी येऊन बसायच्या आणि माझं हसू जायचं. एकदा म्हणाल्या, ‘चंद्रा, मी बहात्तर वर्षांची झाले गं. सोनू सात वर्षांची झाली. तिला आजोबा आठवतही नाहीत. मी किती दिवस बाकावर बसून डबा खायचा?’

मी त्यांच्या गुडघ्यांसाठी दुसरं स्टूल पुढे सरकवलं.

मार्गशीर्ष लागला आणि श्रीधरपंत एका दुपारी अगदी खुशीत दुकानात आले. अनाउन्स मिळाला म्हणाले. जाहीर करणे. आणि घरातच मिळाला, हिंडावं लागलं नाही. माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवलं. अक्षर पद्मजाकाकूंचं. मी वाचलं.

‘मी पद्मजा श्रीधर, वय ७२, आज जाहीर करते की येत्या दत्तजयंतीला मी वारज्याला सलोनीकडे राहायला जाणार आहे. शुद्धिपत्र छापून निघेल त्या दिवशी परत येईन. नाही निघालं तर येणार नाही.’ खाली सही. तारीख.

मी दोनदा वाचलं. म्हटलं, काका, हे तुम्ही वाचलंत?

म्हणाले, वाचलं ना. साल घालायचं राहिलंय, ते मी विचारून घेतलं.

मी म्हटलं, अहो, काकू घर सोडून चालल्यात.

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले की मजकूर साक्षीदाराचा आहे, संपादकाने त्यात ढवळाढवळ करायची नसते. आणि गेले.

दत्तजयंतीला पद्मजाकाकू गेल्या. वैजनाथ रिक्षा घेऊन न्यायला आला होता. एक बॅग, गुडघ्याचं तेल, कुकरची नवी रिंग. रिंग का नेली असं मी विचारलं, तर म्हणाल्या, यांना कुकर लावता येत नाही, इथे ठेवून काय करू?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडते तर श्रीधरपंत दारात. शर्टाचं बटण वर-खाली लागलेलं. म्हणाले, अनाउन्सच्या नोंदीला एक टीप जोडायची, ‘घटना खरी ठरली’.

तेव्हा माझं डोकं फिरलं. दुकानात पाच-सहा जण होते, क्लासची मुलं होती, मृत पेन्शनर होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं की हा माणूस पोटच्या पोरीला एका रिकाम्या चौकटीसाठी घालवून बसलाय आणि आता बायकोही घालवली. आणि त्याला त्याची टीप हवी आहे. म्हटलं, पाण्याची पातळी मोजायला गुडघाभर पाण्यात गेलात ना, मग वारज्याला जायला काय पूर आलाय? म्हटलं, तुमच्यासारखा माणूस बापाच्या जागी बसवण्यापेक्षा पट्टी रोवलेली बरी. आणखीही बोलले. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

श्रीधरपंतांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मान खाली. मला वाटलं, लागलं कुठेतरी. मग त्यांनी पिशवीतून एक कोरं माहितीपत्रक काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. डिनाउन्स. चारचौघांत जाहीर निंदा करणे.

मी सही केली. इतक्या रागाने केली की कागद फाटला. त्यांनी चिकटपट्टी मागितली.

आता राहिला एकच. रिनाउन्स. त्याग करणे, टाकणे, संबंध तोडणे. त्यासाठी त्यांनी वणवण केली. गॅसची सबसिडी सोडलेले एक जण आले, तर हे म्हणाले, ती तुम्हाला परवडत होती, त्याग नव्हे. चहा सोडलेला एक सापडला, पण त्याची मुलाखत अमृततुल्य चहाच्या दुकानात झाली. नदीकाठच्या घाटावर एक संन्यासी भेटले. त्यांच्याकडे दोन मोबाइल होते आणि बोलता बोलता त्यांनी घरी फोन करून कुत्र्याला खायला घातलं का विचारलं. श्रीधरपंतांनी नोंद फाडली.

दिवसेंदिवस ते वाळत चालले. कुकरचं मी वर सांगितलंच. खारी आणि दूध. मी डबा देऊ का म्हटलं तर म्हणाले, आपल्याला त्रास नको. डिनाउन्स करणाऱ्या बाईचा डबा खावा की नाही याचाही काही नियम असेल. माझा राग होताच, पण एका संध्याकाळी ते रस्ता ओलांडताना दिसले, पिशवी छातीशी धरून, आणि मला कसंसंच झालं.

मग एका रविवारी ते आले आणि खुर्चीत बसले. एरवी बसत नाहीत. म्हणाले, साक्षीदार मिळाला. सलोनी. ‘मी तिला टाकलं असं ती म्हणते. तिच्या आईनेही तेच सांगितलं. म्हणजे घटना घडलेली आहे. सही तिची हवी.’

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पाच वर्षांनी बाप लेकीच्या दारात जाणार, आणि कशासाठी? तर बापाने टाकलं म्हणून सही आणायला. मारावं की कवटाळावं तेच कळेना. पण म्हटलं, कशासाठी का होईना, पाय वारज्याकडे वळताहेत ना? यांचा विचार बदलायच्या आत नेलेलं बरं. दुकानाचं शटर ओढलं, त्यांच्या डोक्यावर माझ्या नवऱ्याचं हेल्मेट घातलं आणि स्कूटरवर मागे बसवलं. कर्वे रस्त्याभर ते मला सिग्नल सांगत होते.

दार पद्मजाकाकूंनी उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि मग यांच्या हातातली फाइल दिसल्यावर तो गेला. आत वैजनाथ होता, त्याने खुर्ची पुढे केली, पाणी आणलं, बाबा बसा म्हणाला. मला वाटलं, हा मुलगा खरंच चांगला आहे. सलोनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथून हलली नाही. एक मुलगी टेबलाशी चित्रं काढत होती, तिने मान वर करून हेल्मेट घातलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. ते काढायचं राहूनच गेलं होतं.

श्रीधरपंतांनी हेल्मेट काढलं, घसा साफ केला आणि रिनाउन्सचं माहितीपत्रक सलोनीपुढे धरलं. सगळं नीट समजावून सांगितलं. औन्सचं घराणं, नियम, बाकी सगळे मिळाले, ही एक सही राहिली. सलोनीने कागद घेतला. पूर्ण वाचला. तिचंही वाचणं बापासारखंच, ओळीखाली बोट धरून.

मग तिने तो परत दिला.

‘मी सही करणार नाही,’ ती म्हणाली. ‘कारण हे खरं नाही. तुम्ही मला टाकलं असतंत तर मी भांडले असते, रडले असते, आणि संपलं असतं. तुम्ही मला टाकलंच नाहीत, बाबा. तुम्ही मला नियमात बसवलंत.’

श्रीधरपंत कागद हातात धरून बसून राहिले. पद्मजाकाकूंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. मला वाटलं, आता हे उठणार, फाइल बंद करणार, आणि मला परत स्कूटर चालवत यांना त्या रिकाम्या घरात सोडावं लागणार.

ते उठले नाहीत. फाइल उघडून त्यांनी तळातून दुसरं एक कोरं माहितीपत्रक काढलं. ते शब्दांचं नव्हतं. कुळाचं होतं, जुनं, छापील, कडा पिवळ्या पडलेलं. ते घेऊन टेबलाशी गेले. सलोनी म्हणाली, मी ते पुन्हा भरणार नाही. ते म्हणाले, ‘तू नको. मी भरतो.’

संपादकाने स्वतः माहिती भरायची नाही, हा नियम मी स्वतः टाइप केला होता.

त्यांनी पेन उघडलं. सलोनीचं नाव लिहिलं. जन्मतारीख न विचारता लिहिली, वेळेसकट. विवाहित. पती, वैजनाथ. वैजनाथच्या वडिलांचं नाव त्यांना विचारावं लागलं. तो म्हणाला, हिंमतराव. त्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग कन्या. तिथे न थांबता त्यांनी लिहिलं, सोनू.

टेबलाशी बसलेली मुलगी डोकं वाकवून बघत होती.

‘सोनू नाही,’ ती म्हणाली. ‘सोनू घरातलं आहे. माझं नाव सृष्टी.’

या माणसाला अकरा पिढ्यांतली चौदाशे नावं तोंडपाठ आहेत. कोकणातून वर आलेल्या मूळ पुरुषाच्या तिसऱ्या बायकोचं माहेरचं नावसुद्धा. मी तपासलंय. आणि आता ते त्या मुलीकडे बघत होते.

‘मला माहीत नव्हतं,’ ते शेवटी म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

सलोनीने तोंड फिरवलं. पद्मजाकाकू रडायला लागल्या. वैजनाथला काय करावं कळेना, तो मला पाणी आणून देऊ लागला. मी कशाला पिते पाणी, मी पण रडत होते.

श्रीधरपंतांनी ‘सोनू’ खोडलं आणि पेन मुलीपुढे केलं. म्हणाले, मला ठाऊक नाही, तर मी लिहिणं बरोबर नव्हे, तुझी माहिती तूच दे. तिने खुर्चीवर गुडघे टेकून, जीभ बाहेर काढून, मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, सृष्टी वैजनाथ. रकान्याबाहेर गेलं. मग त्यांनी सहीची जागा दाखवली, ‘माहिती देणार’ लिहिलंय तिथे. तिथेही तिने तेच लिहिलं, आणखी मोठं.

कागद परत देण्याआधी तिने तो एकदा वरून खाली पाहिला. एक रकाना कोरा दिसला. सासरचे गोत्र. तिला तो वाचता आला की नाही देव जाणे, पण कोरी जागा बघून तिने तिथे एक मांजर काढलं. मिशा, शेपूट, सगळं.

सलोनी झटकन पुढे आली, कागद ओढून घ्यायला. श्रीधरपंतांनी तिचं मनगट धरलं. पाच वर्षांनी त्यांनी लेकीला हात लावला होता, आणि तो त्यांनी सोडला नाही. दुसऱ्या हाताने कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि ते मांजर बराच वेळ तपासलं, प्रूफ तपासतात तसं.

आतल्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. पद्मजाकाकू कधी उठून गेल्या ते मला दिसलंच नव्हतं.

‘चंद्रभागाबाई,’ श्रीधरपंत म्हणाले, ‘रेषा बारीक आहेत. शुद्धिपत्राच्या सहाशे प्रतींत हे नीट उठेल ना?’

मी म्हटलं, उठेल.